खंडेनवमीचं कुलूप

“याला लावायचं राहिलंच की,” सासूबाई म्हणाल्या, आणि मी काही बोलायच्या आत त्यांनी दाराच्या नव्या कुलपाला हळदकुंकू लावलं.

ओल्या कुंकवाचं बोट त्या काळ्या काचेवर ठसठशीत उठलं. त्यावर त्यांनी झेंडूची पाकळी चिकटवली, चार अक्षता टाकल्या. अक्षता घरंगळून उंबऱ्यात पडल्या.

“आई, मशीन आहे ते.”

“म्हणून तर. तुझ्या लॅपटॉपला लावलं ते चाललं, आणि घर राखणाऱ्याला तसंच ठेवायचं होय?”

मी हसले. खंडेनवमीचा दिवस, मी ऑफिसातून रजा घेतलेली, घरभर कडाकण्यांच्या तळणाचा वास. हॉलमध्ये पाटावर पूजा मांडली होती. आमच्या सांगलीकडं त्या दिवशी घरातली सगळी हत्यारं-अवजारं धुऊनपुसून मांडतात, हळदकुंकू वाहतात आणि दसरा उजाडेपर्यंत जागची हलवत नाहीत. विळी, कोयता, कात्री, अडकित्ता, माझ्या नवऱ्याचा, निनादचा, ड्रिल, आणि सासूबाईंच्या हट्टापायी माझा लॅपटॉप. समोर निरांजन तेवत होतं. सगळं जमिनीपासून चार बोटं वर.

ईशू आतल्या खोलीत दुपारची झोपली होती. तेव्हा ती अडीच वर्षांची. मी घरातल्या प्रत्येक प्लगला झाकण बसवलेली, टीपॉयच्या कोपऱ्यांना स्पंज चिकटवलेली आई. पण स्कूटरची पूजा राहिली होती, झोपलेल्या पोरीला उठवायचं जिवावर आलं होतं, आणि खाली जाऊन वर यायला असा कितीसा वेळ लागणार? मोबाईल चार्जिंगला तसाच ठेवून मी दार ओढलं. ओढलं की ते आपलं आपण लागायचं. लागलं.

खाली मी स्कूटर भिंतीपासून बाहेर काढली. सासूबाईंनी हँडलला झेंडूची माळ घातली, चाकाखाली लिंबू ठेवलं, पायरीवर नारळ फोडला. नारळाचं पाणी माझ्या हातावर उडालं.

“मी होते पुढं,” त्या म्हणाल्या. “पोरगी उठायची एवढ्यात. तू गाडी लावून ये.”

मी गाडी लावून, फुटक्या नारळाची भकलं गोळा करून वर गेले, तर त्या दारापाशी वाकून उभ्या होत्या. ताट खाली ठेवलेलं. अंगठा कुलपाच्या ठसा घेणाऱ्या काचेवर. कुलूप लाल होऊन ओरडत होतं.

“लागंना,” त्या माझ्याकडं न बघता म्हणाल्या. “पुसून लावलं, दाबून लावलं, ह्या हाताचं लावलं, त्या हाताचं लावलं. काही केल्या लागंना.”

“सरका, मी बघते.”

मी अंगठा टेकवला. एक लांब सूर, आणि सगळी काच लाल. पुन्हा टेकवला. मग नंबर दाबला. तेच.

हे मला माहीत होतं. लागोपाठ चुकीचं बोट पडत राहिलं की ते कुलूप चोर आलाय असं धरून चालतं आणि काही वेळ कुणालाच ओळख दाखवत नाही. मालकालासुद्धा. साधी चावीही असते त्याला. एक निनादजवळ पुण्यात होती आणि दुसरी आत, माझ्या कपाटात.

समोरच्या दारातून मगदूम वहिनी पदराला हात पुसत बाहेर आल्या. “काय झालं, मावशी? आज पण अडलं का?”

“अडलं बघ.”

“पोरगी कुठाय?”

“आत,” मी म्हटलं. तो शब्द तोंडातून बाहेर पडला आणि मी पुन्हा नंबर दाबला.

वरच्या मजल्यावरचे सावर्डेकर काका पिशवी घेऊन जिना उतरत होते. तेही थांबले. कुलपाकडं चष्म्यावरून बघून म्हणाले, “अहो, हे कुंकू कुणी लावलं? आत ओल गेली असणार. आमचं कुलूप बघा, सासऱ्यांच्या काळातलं. चावी हरवली तर दगडानं उघडतं, पण उघडतं.”

“काका, पोरगी आत आहे.”

“अरे देवा,” ते म्हणाले आणि पिशवी खाली ठेवली.

मी ओढणीनं काच पुसायला लागले. पाकळी निघाली, कुंकू पसरलं, ओढणीचा पदर लाल झाला. आणि तेवढ्यात आतून, दाराच्या अगदी जवळून नाही, हॉलच्या मधूनच कुठून तरी, आवाज आला.

“आई?”

मी दारावर दोन्ही तळवे ठेवले. “ईशू, मी इथे आहे. दाराजवळ ये बघू, पिल्लू.”

“आई, दिवा.”

“दिव्याला हात नाही लावायचा हं. इकडे ये. दाराकडे.”

“का?”

सासूबाई तोवर जिन्याच्या फरशीवर बसल्याच होत्या. ताट त्यांनी जवळ ओढलं, झेंडूची एक पाकळी घेतली आणि दाराखालच्या फटीतून आत सरकवली. 

“ईशू, बघ गं, दाराखालून कोण आलं?”

आतून चुटूचुटू पावलं.

“फूल!”

“घे उचलून. अजून येतंय बघ.”

त्यांनी दुसरी सरकवली. मग तिसरी. त्या घाईनं सरकवत नव्हत्या. एक उचलली गेली की दुसरी, तीही जरा अलीकडं, जरा पलीकडं, म्हणजे शोधावी लागेल अशी. फटीपाशी ईशूची बोटं दिसायची आणि नाहीशी व्हायची.

“निनादला फोन लावू का?” मगदूम वहिनींनी मोबाईल काढला. “मागं एकदा त्यांनी पुण्यात बसून उघडलं होतं की, तुमचा गॅसवाला आला तेव्हा.”

“नको,” मी म्हटलं.

वहिनी बघतच राहिल्या. “नको?”

“साइटवर असेल तो. थोडा वेळ गेला की हे आपोआप सुरू होतं. होईलच आता.”

“अगं पण कोयता मांडलाय न्हवं आत?”

“होईल म्हटलं ना, वहिनी.”

सासूबाईंनी मान वर करून माझ्याकडं पाहिलं. हात फटीपाशीच. “लाव की फोन, शर्वरी. त्यात काय?”

त्यात काय होतं ते माझं मला ठाऊक होतं.

निनाद पुण्याला नोकरीला, शनिवार-रविवार घरी. घरात दोघी बायका आणि लहान मूल, म्हणून त्यानं ते कुलूप बसवलं होतं. दार केव्हा उघडलं, कुणाच्या बोटानं उघडलं, सगळं मोबाईलवर दिसायचं. त्याच्याही आणि माझ्याही. तो कधी बघायचा नाही. मी बघायची. ऑफिसात डबा उघडण्याआधी मी कुलपाची नोंद उघडून बघायची. रोज दुपारी आमचं दार उघडत होतं. सासूबाई ईशूला घेऊन खाली जायच्या. उन्हात. खाली कुत्री, मागं येणाऱ्या गाड्या. मी एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं. “नाही नेत गं बाई,” म्हणायच्या आणि न्यायच्या. तोंडावर भांडायची मला हिंमत नव्हती. सासूला उलट बोलणारी म्हणून घ्यायचं नव्हतं. मी मोबाईल उघडला आणि त्यांच्या बोटाला दुपारपुरती बंदी घातली. बाहेर पडता येईल, पण परत आत येता येणार नाही. म्हणजे मला फोन करावाच लागेल, आणि मग मी अगदी गोड आवाजात म्हणेन, “आई, म्हणून सांगत होते ना.” एवढंच मला हवं होतं. नंबर मी त्यांना कधी दिलाच नव्हता, कुणाला तरी सांगून बसतील म्हणून.

फोन काही आला नाही. दार दुपारी उघडायचं आणि चार वाजल्यानंतर परत. मला वाटलं, बसत असतील मगदूम वहिनींकडं. कंटाळतील तेव्हा करतील. मीही हट्टाला पेटले होते. आज मी स्वतः घरात, म्हणून ती बंदी माझ्या ध्यानातही नव्हती.

निनादनं दार उघडायला मोबाईल हातात घेतला की सासूबाईंच्या नावापुढं ती बंदी त्याला दिसणार होती. म्हणून मी ‘नको’ म्हटलं. माझी लेक निरांजनापासून चार पावलांवर असताना मी दारात उभी राहून हिशोब करत होते, की कुलूप आधी सुरू होईल की वहिनी आधी फोन लावतील.

“कुंकवानंच झालंय हे,” मी मोठ्यानं म्हटलं. “सांगत होते, आई, मशीन आहे म्हणून. आता बघा.”

कुंकवानं भरलेलं बोट सासूबाईंनी पदरात गुंडाळलं आणि दुसऱ्या हातानं पाकळी सरकवली.

“कुंकवाचं काय घेऊन बसलीस?” मगदूम वहिनी म्हणाल्या. “मागच्या आठवड्यात कुठं होतं कुंकू? रोज दुपारी मावशी जिन्यावर बसत्यात, पोरीला मांडीवर घेऊन. मी म्हणते आत या, पंखा तरी लागंल. तर म्हणत्यात, नको, आत्ता उघडंल, मी लावून बघते.”

“जिन्यावर?” मी विचारलं.

“चार वाजस्तोवर. तुला माहीत न्हाई?”

“कशाला सांगते तिला,” सासूबाई फटीकडंच बघत म्हणाल्या. “ऑफिसात काम करू दे की सुखानं. कुलपाची चूक नाही ती. माझंच बोट झिजलंय. रेशनच्या दुकानातपण मागं असंच झालं होतं. मशीननं नाही म्हटलं. सगळी रांग बघत होती.” मग जरा हसल्या. “रात्री तूप चोळते मी. येईल हळूहळू ठसा.”

ते मी पाहिलं होतं. रात्री भांडी आवरून झाली की त्या वाटीत बोट बुडवून अंगठा चोळत बसायच्या, बराच वेळ. मला वाटलं होतं, कामानं चिरला असेल. मी विचारलं नव्हतं.

“आजी, फूल संपलं?” आतून ईशू म्हणाली.

ताटातला झेंडू संपला होता. सासूबाईंनी नुसता देठ हातात धरला होता. “थांब हं राणी, आजी आणतेय. तू मोज बघू किती जमली ती.”

“मोजू?”

“मोज. तिथंच बसून.”

पावलं लांब गेली. आम्ही चौघंही ऐकत होतो. पाटावर काहीतरी धातूचं सरकल्याचा आवाज झाला.

“ईशू!” मी ओरडले. “काय घेतलंस?”

“कातली.”

कात्री. मी वहिनींकडं वळले.

“लावा फोन.”

वहिनींचं बोट आधीच मोबाईलवर होतं. रिंग वाजत राहिली. त्यांनी स्पीकर सुरू केला आणि मोबाईल आमच्या सगळ्यांच्या मधोमध धरला. सावर्डेकर काकांनी दाराला खांदा लावून पाहिला, दार हललं नाही.

“बोला वहिनी,” निनादचा आवाज आला. मागं कुठलंसं यंत्र घरघरत होतं.

“निनाद, दार उघड,” मी म्हटलं. “आम्ही बाहेर आहोत, ईशू आत आहे. लगेच.”

“लगेच, लगेच. थांब. एक सेकंद, नेट येऊ दे… हं. उघडतोय.”

कुलपाच्या पोटात काहीतरी फिरलं. मी दार ढकललं.

ईशू दारामागंच होती, फरशीवर मांडी घालून. पुढ्यात झेंडूच्या पाकळ्यांचा ढीग, आणि दोन्ही हातांत धरलेली मोठी कात्री. पाटापर्यंत जाऊन तिनं ती उचलून आणली होती आणि पुन्हा येऊन बसली होती. 

“आई, मी फूल कापते,” ती म्हणाली.

मी कात्री काढून घेतली आणि तिला उचललं. तिचे हात पाहिले, पाय पाहिले, पुन्हा हात पाहिले. कुठं ओरखडादेखील नव्हता. निरांजन तसंच जळत होतं. मी ते फुंकून विझवलं. असं विझवत नाहीत, तरी विझवलं.

आणि मागं, उघड्या दारात, निनादचा आवाज चालूच होता.

“उघडलं ना? ठीक आहे ना सगळं? वहिनी, आई आहे का तिथं? हे काय आहे, आईचं बोट दुपारी बंद ठेवलंय असं दाखवतंय. बिघाड नाही हा. कुणीतरी वेळ घातलीय. मी तर नाही घातली. शर्वरी, तू घातलीस का? अगं, आई दुपारी बाहेर राहिली तर ईशू आत एकटी…”

वहिनींनी स्पीकर बंद केला. फार उशीर झाला होता.

मी ईशूला घट्ट धरून उभी राहिले. ऐकू आलं नाही असं दाखवायला मान वळवून ठेवली. ती वळवलेली मान अजून माझ्या अंगात आहे. कुणी माझ्याबद्दल काही खरं बोलायला लागलं की आपसूक तशीच वळते.

“बरं, मी निघतो,” सावर्डेकर काका कुणाकडंच न बघता म्हणाले. “पोरगी सुखरूप आहे, झालं.” पिशवी घेऊन ते जिना उतरले. नेहमी एकेक पायरी मोजून उतरणारे, ते झपझप गेले. मगदूम वहिनींनी मोबाईल कमरेला खोचला, माझ्याकडं एकदा पाहिलं आणि आपल्या दारात जाऊन कडी लावली. कडीचा आवाज मला ऐकवण्यासाठी केल्यासारखा आला.

सासूबाई अजून बाहेरच होत्या. उंबऱ्याच्या पलीकडं, हातात रिकामं ताट.

“बंद म्हणजे काय गं?” त्यांनी विचारलं. रागानं नाही. नवीन शब्दाचा अर्थ विचारावा तसं.

मी काहीबाही सांगणार होते. कुलपाचं काही, कंपनीचं काही. तोंड उघडलंही. पण निनादनं ते सगळं आधीच बोलून टाकलं होतं.

“दुपारी तुमचं बोट ते घेत नाही, आई,” मी म्हटलं. “मी तसं ठरवून ठेवलं होतं. ईशूला उन्हात नेऊ नये म्हणून.”

त्यांनी आपला अंगठा डोळ्यांसमोर धरला आणि उजेडाकडं वळवून पाहिला.

“म्हणजे बोट चांगलं आहे माझं?”

“हो.”

“झिजलं नाही?”

“नाही, आई.”

त्यांचा चेहरा उजळला. खरंच उजळला; डॉक्टरनं काही नाही म्हटल्यावर माणसाचा उजळतो तसा. मी तो उजेड पाहत होते, आणि मग तो हळूहळू कसा विझत गेला तेही पाहिलं. बोट चांगलं असेल तर मग काय होतं, ते त्यांच्या ध्यानात येत होतं. ते पुरतं ध्यानात येईपर्यंत मी समोर उभी होते.

त्यांनी हात खाली घेतला. “मला म्हणाली असतीस,” त्या म्हणाल्या. “नसतं नेलं.”

“म्हटलं होतं, आई. दोनदा.”

“हो. म्हटलं होतंस.” त्यांनी ते मान्य केलं, अगदी सरळ. “पण असं नव्हतं म्हटलंस.”

त्या आत आल्या. कात्री माझ्या हातातून घेतली, पुसली, पाटावर आपल्या जागी ठेवली आणि निरांजन पुन्हा लावलं. संध्याकाळी कडाकण्या खाल्ल्या आम्ही. दुसऱ्या दिवशी निनाद आला, त्यांनी त्याला ओवाळलं. तो माझ्याशी बोलला ते आमच्या खोलीत, दार लावून. त्यातलं इथं सांगण्यासारखं काही नाही. पुढं सासूबाई ईशूला दुपारी खाली घेऊन गेल्या नाहीत. मी स्वतः म्हटलं, आई, न्या की, सावलीत न्या. “नको, ऊन असतं,” म्हणाल्या.

ते कुलूप मी त्याच महिन्यात काढायला लावलं. निनादला म्हटलं, असल्या मशीनचा भरवसा नाही. त्यानं माझ्याकडं नुसतं पाहिलं. नवं साधं लॅच बसवलं, तीन चाव्या केल्या. पहिली सासूबाईंना दिली. त्यांनी ती घेतली, कमरेच्या पिशवीत ठेवली.

परवाची गोष्ट. ईशू शाळेत होती, मी तापानं अंथरुणात. बेल वाजली. मी भिंतीला धरत धरत दारापर्यंत गेले, उघडलं. सासूबाई देवळातून आल्या होत्या. चावी त्यांच्या हातात होती, बोटांमध्ये धरलेली, दात पुढं करून. कुलपात घालायला धरतात तशी.

“चावी होती की हातात, आई. मला वाटलं कोण आलं.”

“होती,” त्या म्हणाल्या. “पण तू आहेस घरात. म्हटलं, विचारून यावं.”

आणि मी बाजूला होईपर्यंत त्या उंबऱ्याबाहेर थांबल्या.